रानहंस आणि डोंगरचोर

सिनेमात काम करणारी माणसं आमच्या घरमालकांना, म्हणजे शेठजींना, मान्य नव्हती. सिनेमा मान्य होता, तिकीट काढून अंधारात बसणंही मान्य होतं. फक्त पडद्यावर माणसं नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याला कारण घडलं होतं. तरुणपणी ते मेहुण्याबरोबर मुंबईला गेले होते आणि तिथे त्यांनी एक सिनेमा पाहिला. त्यातला नायक शेवटी मरतो. शेठजींना ते इतकं लागलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी उपास धरला. उपास सोडल्यावर मेहुण्याबरोबर बाजारात निघाले, तर मेहुण्यानं एका इराण्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं. नायक आत बसून ऑम्लेट खात होता.

"मी इकडे उपाशी," शेठजी सांगत, "आणि हा अंडी खातोय. जिवंत तर जिवंत, वर अंडी."

त्या दिवसापासून त्यांचा नटांवरचा विश्वास उडाला. चित्रांवरचा मात्र पक्का झाला. चित्रातला माणूस मेला की मेला, पुढच्या शुक्रवारी दुसरं नाव लावून तो परत येत नाही, असं ते म्हणत. त्या काळी जळगावच्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी कधीकधी एखादी छोटी कार्टून फिल्म लावायचे. तेवढी बघायला शेठजी बाल्कनीचं तिकीट काढत आणि मुख्य सिनेमाची पाटी पडद्यावर आली की उठून घरी येत. दारवाला त्यांना ओळखून होता. पुढच्या आठवड्यात कार्टून आहे की नाही, याचा निरोप तो स्वतःहून दुकानावर पाठवायचा.

दुकान भांड्यांचं होतं. बाजाराच्या तोंडाशी, पुढे दुकान, मागे घर आणि वर माडीवर एक खोली. ती खोली बघायला मी गेलो तेव्हा मला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती. कोकणातला माणूस खानदेशच्या उन्हात कसा टिकेल, याची काळजी बाकी सगळ्यांनी केली. शेठजींनी ती केली नाही. त्यांनी मला गादीवर बसवलं, डोक्यावरची काळी टोपी नीट केली आणि विचारलं, की सिनेमा बघता का. बघतो म्हटलं. कसला, म्हणाले. मी त्या दिवसांत गाजत असलेल्या एका नटाचं नाव घेतलं आणि खोली गेली. दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता मी सहज सांगितलं, की कॉलेजची फिल्म सोसायटी आहे आणि तिचा प्रोजेक्टर चालवायचं काम माझ्याकडे आलंय. शेठजींनी मला परत वर बोलावलं. त्यात कार्टून चालतं का, त्यांनी विचारलं. फिल्म मिळाली तर काहीही चालतं, मी म्हटलं. त्याच संध्याकाळी माझी ट्रंक माडीवर आली.

माणसांना भांड्यांची नावं द्यायची त्यांना खोड होती. हे ते माणसाच्या तोंडावर सांगत आणि गंमत म्हणजे कुणी रागवत नसे. मनात काही न ठेवणारा माणूस म्हणजे चाळणी. फुगलेला, पण आतून रिकामा, तो हंडा. आमच्या प्राचार्यांना त्यांनी घंगाळ ठरवलं होतं, म्हणजे मोठं, देखणं आणि वर्षातून एकदा लागणारं. मी कोण, असं एकदा विचारलं तेव्हा बराच वेळ माझ्याकडे बघून ते म्हणाले, "अजून कल्हई नाही झाली. नंतर सांगतो."

सोसायटीचे ते पहिले बिगरकॉलेजी सभासद झाले. पहिल्याच खेळाला त्यांनी गोंधळ घातला. फिल्म परदेशी असली की तिच्याबरोबर इंग्रजीत गोष्टीचा गोषवारा येई आणि मी तो खेळाआधी मराठीत सांगत असे. मी चार वाक्यं बोललो असेन-नसेन, तोच शेठजी मधल्या रांगेत उभे राहिले. घरी पाहुणा येणार असेल तर आधी त्याची पेटी उघडून बघायची असते का, असं त्यांनी मला भर सभेत विचारलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी गोषवारा सांगणं बंद केलं.

जपानी कार्टूनं आमच्याकडे आली ती मुंबईच्या वकिलातीतून. आम्ही शैक्षणिक फिल्म मागवत होतो. एका खेपेला भातशेतीच्या फिल्मबरोबर दोन डबे जास्तीचे आले. वर जपानी अक्षरं होती, आत चित्रांच्या फिल्म. शनिवारी ते जळगावात दाखवायचे, मग धुळ्याला पाठवायचे, कारण धुळ्यालाही अशीच एक सोसायटी होती आणि डबे दोघांत मिळून येत.

दोन्ही गोष्टी साध्या होत्या. एकीत एक गलेलठ्ठ चोर म्हाताऱ्या आईच्या घरावर सावली हवी म्हणून शेजारच्या गावचा अख्खा डोंगर पोत्यात भरून पळवतो. सगळं गाव त्याच्या मागे लागतं. पोत्यातून झाडं बाहेर येतात, माकडं बाहेर येतात, एक झराही गळत राहतो. हॉल हसून हसून आडवा झाला.

दुसरीत छत्र्या करणारं एक म्हातारं जोडपं आहे. त्यांना मूलबाळ नाही. बर्फ पडत असताना दारावर एक मुलगा येतो, त्याचा हात मोडलेला. ते त्याला ठेवून घेतात. तो खरं तर रानहंस असतो, थव्यातून मागे राहिलेला. हिवाळाभर तो त्यांच्याकडे राहतो, छत्र्यांना कागद चिकटवतो, म्हाताऱ्याच्या शेजारी बसून जेवतो. मग वसंतात घरावरून थवा जातो आणि तो जातो. म्हातारी आत येते, तिसरा वाडगा पुसते आणि फळीवर उपडा ठेवते. तिथे फिल्म संपते.

या फिल्ममध्ये एक जागा होती. बाहेर बर्फ पडतंय, आत म्हातारा जेवतोय. दुसरं काही घडत नाही. तो घास घेतो, चावतो, खिडकीकडे बघतो, परत घास घेतो. पोरं चुळबुळायला लागली. शेठजी मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. खेळ संपल्यावर ते प्रोजेक्टरपाशी आले आणि म्हणाले, "म्हातारा जेवला तेवढा वेळ दाखवला. माणसाला जेवू कोण देतं हो सिनेमात?"

तिकडे धुळ्यात उलटं झालं. तिथल्या सोसायटीचे अध्यक्ष एक वकील होते, गोरे, उंच, बोलायला लागले की हात आवरायचे नाहीत. त्यांना डोंगरचोर आवडला. गोष्ट पळाली पाहिजे, असं त्यांचं मत. गोष्ट थांबली पाहिजे, असं शेठजींचं. दोघांची गाठ पडली की सुरू. वकील म्हणत, त्या रानहंसाच्या गोष्टीत घडतं काय? एक आला, एक गेला. शेठजी म्हणत, दुसरं काय घडतं माणसाच्या घरात? मग हळूहळू जळगाव म्हणजे रानहंस आणि धुळे म्हणजे डोंगरचोर असे दोन पक्षच पडले. ज्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं तेही हिरिरीनं भांडू लागले.

आणि न पाहिलेल्यांना सांगायला शेठजी होतेच. लग्नसराईत चोपड्याकडून, पहूरकडून लोक भांडी घ्यायला येत. गंज, पातेली, परात बांधून होईपर्यंत शेठजी त्यांना रानहंस सांगत. सांगायचे झकास. मुलगा छत्रीला खळ लावतो ते सांगताना त्यांची बोटं चिकट व्हायची. चोपड्याकडचे एक केळीवाले आबा तर भाव न करता नुसते गोष्ट ऐकायला टेकायचे.

एकदा मी वरून उतरत होतो आणि गोष्ट शेवटाला आली होती. मी पायरीवर थांबलो. शेठजी सांगत होते, की थवा गेला, मुलगा गेला, म्हातारीनं वाडगा पुसला आणि होता तिथेच ठेवला, सुलटा. मग पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडायला लागलं, तसं दार वाजलं. उघडून बघतात तर मुलगा. आणि दर वर्षी तो असाच येत राहिला.

मी चकित झालो. संध्याकाळी मी त्यांना हसत म्हटलं, की शेठजी, तुमची फिल्म आमच्यापेक्षा लांब दिसते. ते हसले नाहीत. दुकानामागच्या पडद्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि विषय बदलला.

त्या पडद्यामागे काकीजी असत. शेठजींच्या पत्नीला सगळे काकीजी म्हणत. माहेर भडगावचं. मी दोन वर्षं वर राहत होतो, पण त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. सकाळी जैन मंदिरात जाऊन येत, एवढंच त्यांचं बाहेर पडणं. त्यांचा एकुलता मुलगा शाळकरी वयात तापानं गेला होता, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. त्यानंतर त्यांनी येणं-जाणं, लग्नकार्य, सगळं सोडलं होतं. शेठजी या गोष्टीबद्दल कधीच बोलत नसत.

शेठजींच्या सांगण्यानं रानहंसाचा एवढा बोलबाला झाला, की सोसायटीच्या सभासदांनी ती फिल्म पुन्हा मागवायचा ठराव केला. वकिलातीनं डबे पाठवलेही. खेळ रविवारी दुपारी ठरला. त्याच्या आदल्या दिवशी शेठजी जिना चढून वर आले. घरमालक भाडेकरूच्या खोलीत पाऊल टाकत नाही, असा त्यांचा नियम होता. त्या दिवशी ते येऊन थेट माझ्या खाटेवर बसले.

"ती येते म्हणते उद्या," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि फार आनंद झाला. मी तसं म्हणालोही. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी सगळं सांगितलं.

पहिल्या खेळानंतर घरी गेले तेव्हा काकीजी गहू निवडत बसल्या होत्या. शेठजी फिल्म बघून आले की ती त्यांना सांगत, ही जुनी रीत. सांगत सांगत ते थव्यापर्यंत आले आणि त्यांनी पाहिलं, की काकीजींचे हात सुपात थांबलेत. पुढचं त्यांना सांगता येईना. तोंडातून निघून गेलं, की पुढच्या हिवाळ्यात दार वाजलं. काकीजींचे हात पुन्हा चालू लागले. दुसऱ्या दिवशी दुकानात आबांना गोष्ट सांगायची वेळ आली, तर पडद्यामागे त्या ऐकत होत्या. मग आबांनाही तीच सांगावी लागली. मग सगळ्यांनाच.

"चित्र खोटं नाही बोललं, प्रोफेसर," शेठजी म्हणाले. "मी बोललो."

फिल्मची दोन रिळं होती. दुसरं रीळ खराब निघालं असं मी जाहीर करावं, अशी त्यांची विनंती होती. विनंती म्हणून हा माणूस काही बोलू शकतो, हेच मला नवीन होतं. मी म्हटलं, की रीळ माझ्या हातात आहे, तुम्ही सांगाल तसं करीन. पण तुम्ही मला तिथे, त्या वेळी सांगा. आज नको. त्यांनी यावर बराच विचार केला आणि ठीक आहे म्हणाले.

रविवारी खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही हॉल काळोखा केला. माणसं मावत नव्हती. शेठजींनी ज्यांना ज्यांना गोष्ट सांगितली होती ते सगळे आले होते, आबांसकट. काकीजी पुढच्या बाजूला बायकांत बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. शेठजी बसलेच नाहीत. ते माझ्या मागे, दाराला टेकून उभे राहिले.

पहिलं रीळ संपलं. मी दिवा लावला. पुढून काकीजी उठल्या आणि बायकांच्या रांगेतून वाट काढत आमच्यापाशी आल्या. त्यांच्या घरात मारवाडी बोलत. मला ती समजू लागली होती, मी माझ्या मराठीत सांगतो. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आता थवा येईल ना?"

शेठजी हो म्हणाले.

काकीजी परत जाऊन बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. शेठजी तिकडे बघत राहिले. हॉलमध्ये कुणीतरी चला, चला करत होतं. मी दुसरं रीळ हातात धरून थांबलो होतो.

"लावा," ते म्हणाले. "ती तयारीनं बसलीय. मीच नव्हतो."

मी रीळ लावलं. थवा आला. मुलगा गेला. म्हातारीनं वाडगा पुसून उपडा ठेवला आणि पडदा पांढरा झाला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुढचं कुठाय, असं लोक एकमेकांना विचारू लागले. आबा तर मोठ्यानं म्हणाले, की फिल्म तुटली वाटतं. मी घोंगड्या काढल्या, संपली म्हणून सांगितलं. लोक नाराज होऊन बाहेर पडले. शेठजींची फिल्म त्यांना जास्त आवडली होती, आणि ती काही या डब्यांत नव्हती.

सगळे गेल्यावर काकीजी उठल्या. हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर शेठजी उभे होते. मी प्रोजेक्टरची पेटी उचलून मागे होतो, त्यामुळे मला ऐकू आलं. शेठजी काहीतरी समजावायला लागले होते. काकीजींनी त्यांना थांबवलं. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत.

"तुम्ही त्याला दर वर्षी परत आणत होता," त्या म्हणाल्या. "मग मला त्याला दर वर्षी परत धाडावं लागत होतं."

शेठजींनी छत्री उघडली, उन्हात काकीजींच्या डोक्यावर धरली आणि दोघं घराकडे चालू लागली. भर बाजारातून नवरा बायकोवर छत्री धरून चाललाय, हे त्या काळी आमच्या पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. दुकानदार गाद्यांवरून वाकून बघत होते. शेठजींना त्याचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा दुकानावर आले. ते गावी न जाता मुक्काम करून राहिले होते, एवढं त्यांना लागलं होतं. शेठजींनी त्यांना गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली आणि वाडगा उपडा ठेवला. आबा म्हणाले, मागच्या बारीले तर पोरगा वापस आला होता ना भाऊ?

"नाही आला," शेठजी म्हणाले. "आम्ही वाट बघत होतो, म्हणून तसं वाटलं."

आबा एक लहान तपेली घेऊन गेले.

त्यानंतर काकीजी सोसायटीच्या प्रत्येक खेळाला येऊ लागल्या. पहिल्या काही खेळांना शेठजींशेजारी, मग बायकांत, मग जिथे नीट दिसेल तिथे. डोंगरचोर त्यांनी तेव्हाच पाहिला. माणसांच्या फिल्मही त्या बघत. शेठजी मुख्य फिल्म सुरू झाली की बाहेर जाऊन उभे राहत आणि संपल्यावर त्यांना घरी नेत. एकदा मी त्यांना आत बसायला सांगितलं, तर म्हणाले, "ती बघते ना. मला घरी सांगेल." नट मेला तर मी उपास धरणार नाही, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

पुढच्या थंडीत धुळ्याच्या वकिलांनी दोन्ही सोसायट्यांची एकत्र सभा ठेवली. विषय एकच, श्रेष्ठ कोण, रानहंस की डोंगरचोर. तिथल्या वाचनालयाच्या दिवाणखान्यात गाव लोटलं होतं. आम्ही जळगावकर एस.टी.नं गेलो. काकीजीही आल्या.

वकील आधी बोलले, हात चौफेर फिरवत. त्यांनी डोंगरचोराची बाजू अशी मांडली, की चोराला आरोपी करायची कुणाची हिंमत होऊ नये. मग शेठजी उठले. त्या दिवशी ते जन्मात बोलले नसतील इतकं सुंदर बोलले. म्हाताऱ्याच्या जेवणावर बोलले, वाडग्यावर बोलले. चित्रकारानं जी गोष्ट दाखवली नाही ती बघणाऱ्याला घरी न्यावी लागते, असं म्हणाले. टाळ्या थांबेनात. जळगाव जिंकलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात वकिलांनी सौजन्य म्हणून विचारलं, की बायकांपैकी कुणाला बोलायचंय का. काकीजी उभ्या राहिल्या.

मला वाटलं, त्या हिंदीत बोलतील किंवा दोन शब्द बोलून बसतील. पण भडगावात लहानपण गेलेलं. शेजारपाजारची, बाजारातली बोली अहिराणी, आणि धुळ्याची तीच. काकीजींनी पदर सावरला आणि अहिराणीत सुरुवात केली.

"माले डोंगरचोर आवडना," त्या म्हणाल्या. "बठ्ठं गाव त्याना मांगे पयस. कितला दिनमा माले हासू उनं."

म्हणजे डोंगरचोर आवडला, सगळं गाव त्याच्यामागे पळतं आणि कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. धुळ्याच्या माणसांना एका मारवाडी बाईच्या तोंडून आपली घरची बोली अशी सभेत ऐकायला मिळेल, याची कल्पना नव्हती. वकिलांनी विचारलं, की मग रानहंस का नाही? शेठजी तर इतकं छान सांगतात.

"ती गोट मनी शे," काकीजी म्हणाल्या. "मनी गोट माले कसाले देखनी? दुसरानी देखसू."

माझी गोष्ट मी कशाला बघू, दुसऱ्याची बघेन. एवढं बोलून त्या बसल्या. टाळ्या वाजल्या आणि छपरापर्यंत गेल्या. हात वर करून मतं घेतली, तर डोंगरचोर सरळ जिंकला. आमच्या जळगावच्या कितीतरी लोकांनी तिकडे हात वर केले. मीही.

परतीच्या गाडीत शेठजी रागावून बसले होते. घरचीच माणसं फुटल्यावर काय बोलायचं, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पारोळ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "प्रोफेसर, पुढच्या वर्षी तिला आपल्या बाजूनं बोलायला सांगा."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

"माझं ऐकते का ती," शेठजी म्हणाले. आणि हे म्हणताना हसू दाबायचा त्यांनी जो प्रयत्न केला, तो मुळीच साधला नाही.

पुढच्या बाकावर काकीजी शेजारच्या बाईला काहीतरी सांगत होत्या. अनोळखी बाई, मांडीवर टोपली. काकीजींचे दोन्ही हात वर होते. पोत्याचं तोंड धरावं तसे. शेठजींनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ऐकायला पुढे वाकले. कंडक्टरही तिकिटं फाडायची थांबला होता. बाईनं विचारलं, मंग काय व्हयनं. काकीजी म्हणाल्या, थांब ना बाई, अजून डोंगर पोत्यामा जायेल नहीं.